जरा बाजूला हो गं

या मित्रांनो, या. असे लांब भिंतीला टेकून नका बसू, पुढे सरका. माझा आवाज आता बारीक झाला आहे, आणि सांगायची गोष्ट त्याहून बारीक, टाचणीच्या टोकाएवढी आहे. पण चित्त देऊन ऐकलीत तर रिकाम्या हाताने घरी जाणार नाही, एवढा शब्द देतो.

मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या अंगावरचे रबर चिकट होऊन सुटत चालले आहे. गळ्यातला पट्टा घामाने कडक झाला आहे. बटणांवरची अक्षरे बोटांनी पुसून टाकली आहेत. माझी बॅटरी चार्ज करून दिली तर दोन फोटो निघेपर्यंत धापा टाकते. म्हणून आता मी एका घरातल्या फळीवर बसून असतो. बघण्याचे दिवस सरले, सांगण्याचे उरले.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माणसांना तोंड नव्हते, म्हणजे दिसत नव्हते. सगळ्यांनी पांढरे झगे घातलेले, नाकातोंडावर पट्ट्या बांधलेल्या. श्वाससुद्धा गाळून सोडायचे. का? तर धूळ नको. माझ्या पोटात, आरशाच्या आणि शटरच्या मागे, टपालाच्या तिकिटाएवढी एक चमकती काच आहे. तिला सेन्सर म्हणतात. बाहेरचा सगळा उजेड तिच्यावर येऊन पडतो आणि फोटो होतो. लेन्स माझी नजर म्हणा, पण ही काच माझे मन आहे. तिच्यावर एक कण बसला तर तो प्रत्येक फोटोत उतरतो. मनाचेही तसेच असते, नाही का? एकदा सल बसला की जिकडे पाहावे तिकडे तोच दिसतो. असो. मूळ पदावर येतो.

मला एका फोटोवाल्याने घेतले. रस्त्याच्या कडेला त्याचा स्टुडिओ होता, मागच्या बाजूला राहायच्या खोल्या. एका बाजूला शिंप्याचे दुकान. स्टुडिओत एक गोल फिरते स्टूल, मागे पांढरा कापडी पडदा, छत्र्या लावलेले दोन दिवे आणि आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा. कंगव्याला दोरी का, तर गिऱ्हाइके तो खिशात घालून न्यायची. अर्जाला लावायचे फोटो, ओळखपत्रांचे फोटो, कधी शाळेच्या मैदानात वर्गाचे फोटो, कधी कोणाचे नुकतेच बसायला शिकलेले बाळ. कामाला तोटा नव्हता.

पण खरे सांगू का? फोटोवाला फोटो काढायचा, माणसे फुलवायची ती त्याची बायको. गिऱ्हाईक स्टुलावर बसले की लाकूड होते. ही पुढे जायची, कॉलर सरळ करायची, कपाळावरची बट मागे सारायची. एखाद्या गंभीर आजोबांना विचारायची, "आजोबा, आजींनी तुमच्या याच चेहऱ्याला हो म्हटलं होतं का?" आजोबा हसले की फोटोवाला बटण दाबणार, एवढ्यात त्याच्या लक्षात यायचे की ही अजून चौकटीत उभी आहे.

"अगं, जरा बाजूला हो गं. फोटोत येतेस."

"झालं, झालं. माझं कुठलं नशीब फोटोत यायचं!"

दिवसातून कितीदा हे ऐकायचो त्याला गणती नाही. त्या घरात तिचा स्वतःचा धड फोटो नव्हता. चांभाराच्या पायात फाटकी वहाण म्हणतात, त्यातली गत. कधी तिचा हात, कधी अर्धी पाठ, कधी हलल्यामुळे पुसट झालेला गाल, एवढीच ती माझ्या पोटात यायची, आणि तेही फोटो तो लगेच खोडून टाकायचा.

तिला एक सवय होती. ती प्रत्येक गोष्टीवर फुंकर घालायची. लेकीचा गुडघा फुटला, फुंकर. दूध तापले, फुंकर. फोटोवाल्याचा चष्मा धुरकट झाला, आधी तोंडाची वाफ, मग फुंकर, मग कपडा. लेकीला ती ठकू म्हणायची. ठकू चिडवायची, "आई, तू देवाला दिवा लावतेस की विझवतेस? तिथंही फुंकतेस!" तर म्हणायची, "वातीवर काजळी आली होती गं. देणाऱ्यानं श्वास फुकट दिलाय, जरा वाटला तर काय झिजतं?" मित्रांनो, असे साधे बोलणे मी पुढे मोठमोठ्या जाणत्यांच्या तोंडी ऐकले, पण ते तिच्याइतके हसत कोणी म्हटले नाही.

आता नीट ऐका. माझी ती आतली काच घरीच साफ करता येते, पण त्याची एक रीत आहे. पंखा बंद करायचा. बॅटरी पूर्ण भरलेली घ्यायची. लेन्स काढायची आणि बटणे दाबून आतला आरसा वर उचलून धरायचा, म्हणजे काच उघडी पडते. मग मला पालथा धरून खालून रबरी फुग्याने हवा मारायची. फुगा दाबला की फुस्स करतो, धूळ आपोआप खाली पडते. तोंडाने कधीही, कधीही फुंकायचे नाही. तोंडाच्या हवेत ओल असते, नजरेला न दिसणारे थेंब असतात. ते काचेवर सुकले की डाग होतो, आणि तो फुग्याने जात नाही.

फोटोवाला हे सगळे जाणून होता. त्याने बायकोला सांगितले मात्र नव्हते. सांगायची वेळ आली नव्हती.

त्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर त्याने मला उघडले. आरसा वर, काच उघडी. फुगा हातात घेणार, तोच पुढे स्टुडिओत एक कुटुंब आले. फोटोवाला हात पुसत बाहेर गेला. इतक्यात ती आली. मी असा उघडा पडलेलो. तिने वाकून आत पाहिले. काचेवर पांढऱ्या पडद्याचा एक बारीकसा तंतू होता.

"अगं बाई, हाच तुला खुपतोय होय?" ती मला म्हणाली. अगदी ठकूच्या डोळ्यात कचरा जावा तसे.

आणि तिने फुंकर घातली.

उबदार होती हो ती. कारखान्यापासून त्या दिवसापर्यंत माझ्या मनाला कोणाचा श्वास लागला नव्हता. तंतू उडाला. पण काचेच्या खालच्या अंगाला एक थेंब राहिला, इतका लहान की दिसू नये.

दारात फोटोवाला उभा होता. त्याने पाहिले होते.

"अगं, काय केलंस हे! तोंडानं फुंकतात का त्यात? काही कळतं का तुला? पोटावर पाय आणशील एक दिवस!"

त्याच्या मागे ते सगळे कुटुंब उभे होते. त्यांचे लहान मूल टक लावून बघत होते. ती आधी हसली. मग हसू तोंडावरच राहिले आणि डोळ्यांतून गेले.

"माझ्या फुंकरीनं आजवर कोणाचं वाईट झालं नाही हो," एवढेच म्हणाली आणि आत गेली.

त्या कुटुंबाचा फोटो निघाला. पण त्या मुलाला हसवायला कोणी पुढे आले नाही. ते फोटोत रडवेले आहे.

संध्याकाळी फोटोवाल्याने मला पांढऱ्या पडद्यासमोर धरून फोटो घेतला. वर, डाव्या बाजूला, एक करडा गोल ठिपका. फोटोत वर दिसतो तो डाग माझ्या काचेवर खाली असतो. आमच्या जगात सगळे उलटे. फुग्याने पुन्हा पुन्हा हवा मारली. ठिपका हलला नाही. तिने दारातून ते पाहिले. काच पुसायच्या चपट्या काड्या आणि खास द्रवाची इवली बाटली त्याने मागवली. पाकीट आले, खणात पडले. आज करू, उद्या करू. घुश्शातले काम लगेच होते, ओशाळ्या मनाचे काम मागे पडते. चूक झाल्याचे त्याला कळत होते, पण "चुकलो" हा शब्द त्याच्या घशापाशी येऊन बसायचा आणि चहाबरोबर खाली जायचा.

मग तिला धाप लागू लागली. आधी जिना चढताना, मग बोलताना, मग नुसते बसून. जी सगळ्यांवर फुंकर घालायची, तिला स्वतःपुरता श्वास पुरेना. देणाऱ्याचे हिशेब तोच जाणे. आपण हात जोडावेत.

दवाखान्यात तिची खाट खिडकीशी होती. एके दिवशी तिने सांगून मला मागवून घेतले. फोटोवाला म्हणाला, "तुझा फोटो काढतो."

"या अवतारात? बरी झाले की काढा. आत्ता त्या आभाळाचा काढा. मला पडल्या पडल्या निम्मंच दिसतं."

त्याने आभाळ टिपले आणि माझ्या पाठीवरचा लहान पडदा तिच्या डोळ्यांसमोर धरला. निळे, मोकळे आभाळ. आणि वर, डाव्या बाजूला, करडा ठिपका.

"अय्या, माझा ठिपका अजून आहेच की!" ती हसली, मग खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाली, "पुसा हो तो. गिऱ्हाईकं काय म्हणतील?"

फोटोवाल्याचे ओठ हलले. माझा पट्टा त्याच्या मुठीत होता, मला ती मूठ घट्ट झालेली कळली. आता म्हणेल, मला वाटले. आता तो शब्द येईल.

"पुसतो उद्या," तो म्हणाला.

तो उद्या तिच्यासाठी उगवला नाही.

मित्रांनो, त्यानंतर ते पाकीट खणातच राहिले. फोटोवाला पुन्हा कामाला लागला. पोट कोणाला चुकले आहे? फोटो काढायचा, संगणकावर घ्यायचा, गिऱ्हाइकाच्या फोटोतला ठिपका शोधून त्यावर बाण नेऊन एकदा टिचकी मारायची. ठिपका नाहीसा. आणि प्रत्येक वेळी, टिचकी मारण्याआधी, तो हळूच पुटपुटायचा,

"जरा बाजूला हो गं. फोटोत येतेस."

जिवंतपणी जिला फोटोत जागा नव्हती, ती आता प्रत्येक फोटोत येत होती. शाळेच्या मुलांच्या डोक्यावर, बाळाच्या टोपीशेजारी. जणू अजून कोणाची तरी कॉलर सरळ करायची राहिली होती.

वर्षे गेली. फोटोवाल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. टिचकी चुकू लागली, कधी विसरू लागली. ठिपक्यासकट फोटो बाहेर जाऊ लागले. शेजारचा शिंपी येऊन टपली मारायचा, "काय हो फोटोवाले, माझा अर्जाचा फोटो काढलात की हवामानाचा? डोक्यावर ढग आलाय!"

"शिंपीबुवा, तुमच्या डोक्यात आहे तोच बाहेर आला असेल."

दोघे हसायचे. पण सगळी गिऱ्हाइके शिंपी नसतात. एका बाईंचा अर्ज फोटोवर डाग आहे म्हणून परत आला. त्या स्टुडिओत येऊन पुष्कळ बोलल्या. शाळेने वर्गांचे फोटो दुसऱ्याला दिले. दोरीला बांधलेला कंगवा आता कोणी चोरीना. स्टुडिओ बंद पडायला आला.

ठकू तोवर मोठी झाली होती. ती दुसऱ्या गावी एका चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर काचा पुसणे हाच तिचा धंदा. ती सुटीला घरी आली आणि शिंप्याने तिच्या कानावर सगळे घातले. "पोरी, तुझा बाप चांगला, पण कॅमेऱ्यात घाण झालीय. मी सांगितलं, साफ करून घ्या, तर गप्प बसतो. म्हातारपणचा आळस, दुसरं काय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवाला डोळ्यांच्या तपासणीला गेला. शिंपी सोबत गेला. ठकूने खण उघडला आणि तिला ते पाकीट सापडले, न फोडलेले.

"वेंधळे बाबा," ती म्हणाली, आणि बाही वर केली.

मी काय सांगू तुम्हाला! किती नीट केले तिने सगळे. खिडकी लावली, पंखा बंद केला. टेबल ओल्या फडक्याने पुसले, तेच जेवणाचे टेबल. हात धुतले. बॅटरी भरलेली पाहिली. आरसा वर उचलला, मला पालथा धरून फुगा मारला. मग चपटी काडी काढली, तिच्या टोकावर द्रवाचे थेंब सोडले. तिने श्वाससुद्धा रोखून धरला होता. मला ओरडावेसे वाटले, "ठकू, थांब! हा डाग नाही गं, ही तुझी आई आहे!" पण तेव्हा माझे बघण्याचे दिवस होते, सांगण्याचे आले नव्हते. तो गार, ओला स्पर्श काचेच्या एका कडेवरून निघाला आणि दुसऱ्या कडेला पोचला. काडी उलटी करून तशीच परत आला.

झाले.

तिने खिडकी उघडून आभाळाचा फोटो घेतला. निळे, मोकळे. कुठेही काही नाही. ती टाळ्या पिटत नाचली. बऱ्याच वर्षांनी त्या घरात कोणी नाचले.

फोटोवाला आला. डोळ्यांत औषध घातलेले, पापण्या ओल्या. ठकूने त्याला खुर्चीत बसवले आणि मला त्याच्या हातात दिले. "बाबा, ओळखा काय केलंय!"

त्याने पडदा नाकाशी आणला. बटण दाबून चित्र मोठे केले. अंगठ्याने सरकवत सरकवत वर नेले, मग डावीकडे नेले. थांबला. पुन्हा खाली आणले, पुन्हा वर नेले. तुडुंब गर्दीत एखादे माणूस शोधावे तसे.

"आता तुमच्या फोटोतला ढग गेला हो फोटोवाले!" शिंपी दारातून म्हणाला.

"छान केलंस," फोटोवाला म्हणाला. आवाज अगदी सपाट होता. "ती काडी कुठंय गं?"

"कोणती? पुसायची? टाकली की कचऱ्यात."

तो उठला. कचऱ्याच्या डब्यापाशी खाली बसला. चहाचा चोथा, कापलेल्या फोटोंच्या कडा, त्यात तो हाताने चाचपू लागला. ठकू धावली. "बाबा, अहो काय करताय? काय हरवलं?" शिंपी उंबऱ्यावरच थिजला.

काडी सापडली. चोथ्याने माखलेली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग, इतकी वर्षे चहाबरोबर गिळलेले सगळे त्याने लेकीला सांगितले. ती फुंकर, ते ओरडणे, दवाखान्यातले आभाळ.

ठकूचे डोळे वाहू लागले. "बाबा, मला सांगायचं तरी!"

"काय सांगू? की गिऱ्हाइकांचे फोटो नासवतो तो डाग म्हणजे तुझी आई?" तो हसला, पण ते हसणे रडण्याहून वाईट होते. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू नको रडूस. तिनंच सांगितलं होतं पुसायला. माझ्यानं झालं नाही, तुझ्या हातून झालं. तिचं काम तिच्या लेकीनं केलं."

ठकूने मला उचलले. लेन्स काढली. आरसा वर केला. "मी फुंकते बाबा. मी तिचीच ना? परत होईल तसाच."

तिने ओठ जवळ आणले. फोटोवाल्याने आपला तळहात मध्ये धरला. ती फुंकर त्याच्या हातावर आली.

"नको गं," तो म्हणाला. "तुझा श्वास तुझ्यापाशी राहू दे. मला तो तिथंच हवाय."

त्याने ती मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही. शिंपी जाता जाता म्हणाला, "फोटोवाले, माझी जीभ झडो. मी ढग म्हटलं." आणि चपला हातात घेऊन तसाच अनवाणी गेला.

पुढे डोळ्यांचे ऑपरेशन झाले. नजर आली, थोडी गिऱ्हाइकेही परत आली. माझे फोटो आता लख्ख येत होते. पण मित्रांनो, मी त्याला रोज पाहायचो. तो चित्र संगणकावर घ्यायचा, सवयीने बाण वर डावीकडे न्यायचा, "जरा बाजूला..." म्हणायचा आणि थबकायचा. बाजूला व्हायला तिथे कोणी नसायचे. मोकळ्या पांढऱ्या पडद्याकडे तो बघत बसायचा. स्वच्छता इतकी जड असते, हे मला तेव्हा कळले.

आता फोटोवालाही राहिला नाही. स्टुडिओ गेला. ठकूने मला आपल्या घरी आणले, तीच ही फळी. ती मधून मधून मला खाली घेते आणि रबरी फुग्याने धूळ उडवते. तोंडाने नाही. रीत ती रीत.

तेव्हा मित्रांनो, कॅमेरा घेतलात तर त्याला जपा. लेन्स बदलताना तोंड खाली धरा, काच उघडी टाकून उठू नका, आणि फुंकर घालू नका. पण कोणी मायेने घातलीच, तर जीभ आवरा. काचेवरचा डाग एका काडीने निघतो. बोललेल्या शब्दासाठी कोणत्याही दुकानात काडी मिळत नाही. आणि "चुकलो" म्हणायचे असेल तर आजच म्हणा.

एक मागणे मागतो आणि थांबतो. फोटोवाल्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता, तेव्हा पुष्कळ फोटो ठिपक्यासकट लोकांच्या घरी गेले. कोणाच्या पेटीत, कोणाच्या भिंतीवर, कोणाच्या पाकिटात ते अजून असतील. तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या फोटोत, वर डाव्या बाजूला, करडा गोल ठिपका दिसला, तर नखाने खरवडू नका. जिने साऱ्यांना हसवले आणि जिचा एकही फोटो नाही, त्या माउलीची क्षणभर आठवण काढा. मोठ्या कष्टाने ती फोटोत आली आहे. तिला बाजूला व्हायला सांगू नका.